मुंबई–लंडन : दोरा आणि घड्याळ

प्रस्थानाच्या आदल्या सायंकाळी, सामानाची बांधाबांध उरकून झाल्यावर, ज्या पृथ्वीगोलावर हात ठेवून मी उभी हयात शाळेत भूगोल शिकविला आणि जो निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला भेट म्हणून दिला, तो मी कपाटावरून खाली उतरविला, पंचाने पुसला आणि जेवणाच्या मेजावर ठेवला. माझी नात त्या सुमारास आमच्याकडेच होती. शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा तिच्याकडून मागवून त्याचे एक टोक तिला मुंबईवर धरावयास सांगितले, दुसरे मी लंडनवर धरले, आणि दोरा सैल होता तोवर तो अरबस्तानावर व सीरियाच्या किनाऱ्यावर निवांत पडून राहिला. परंतु तो ताणू लागताच, कोणी बोट न लावता, आपण होऊन उत्तरेकडे सरकू लागला आणि कास्पियन समुद्राच्या दक्षिण काठापाशी जाऊन घट्ट बसला. "आजोबा, हा वर का गेला?" असे तिने विचारले. हाच प्रश्न मी वर्गात कित्येक वर्षे मुलांना विचारीत आलो होतो. यंदा तो मला विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधीतच मी दुसऱ्या रात्री विमानात बसलो, असे म्हणावयास हरकत नाही.

भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले तर ती रेघ ताणलेल्या दोऱ्याच्या बरीच दक्षिणेकडून जाते, आणि सामान्य माणसास तोच जवळचा रस्ता वाटतो. पण कागद सपाट आहे आणि पृथ्वी गोल आहे; गोलाच्या पृष्ठभागावर दोन स्थळांना जोडणारा सर्वांत आखूड मार्ग हा नेहमी अशा वर्तुळाचा भाग असतो की ज्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी एकरूप असतो. त्यास भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. ताणलेला दोरा हे बृहद्वृत्त स्वतःच शोधून काढतो, कारण आखूड होण्यावाचून त्यास दुसरी गती नसते. नातीने तो दोरा दोन्ही टोकांस गाठी मारून काढला आणि फूटपट्टीवर धरला, तेव्हा तो सव्वासतरा सेंटिमीटर भरला. गोलाचा व्यास एक फूट, म्हणजे परीघ पावणेशहाण्णव सेंटिमीटर, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्रैराशिक मांडताच अंतर निघाले ७,२०० किलोमीटर. विमानकंपन्यांच्या तक्त्यांत दिलेले अंतरही एवढेच असते. नकाशातल्या सरळ रेघेने, दिशा न बदलता जावयाचे ठरविले तर ते जवळजवळ २०० किलोमीटरांनी वाढते.

त्या दोऱ्याखाली कोणकोणती गावे येतात तेही आम्ही पाहिले. मुंबईहून वायव्येस निघालेला दोरा प्रथम कराचीवरून जातो, बलुचिस्तान ओलांडून इराणच्या पूर्व सीमेवरील सिस्तानात शिरतो, दमावंद शिखराच्या जवळून कास्पियनचा काठ गाठतो, आपल्या बरोबर मध्यावर तिबिलिसीच्या आसपास येतो, तेथून काळा समुद्र आणि क्रिमिया, मग युक्रेनचा पश्चिम भाग, बोहेमिया, जर्मनी आणि बेल्जम असा करीत इंग्लंडास पोहोचतो. या यादीतील पहिले नाव वाचून मी थबकलो. १५ ऑक्टोबर १९३२ या दिवशी जे. आर. डी. टाटा यांनी एक लहानसे पुस मॉथ विमान स्वतः चालवीत, अहमदाबादेस उतरून, मुंबईच्या जुहू येथील मैदानावर टपाल आणले, ते कराचीहूनच. इंपीरियल एअरवेजने १९२९ साली सुरू केलेली लंडन–कराची हवाई वाहतूक सात दिवसांत तेथवर येई, आणि तिचे टपाल पुढे मुंबईस व मद्रासेस नेण्याचे काम या नव्या भारतीय सेवेने पत्करले होते. म्हणजे आपल्या देशाच्या नियमित नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ ज्या वाटेवर झाला, ती वाट आणि आमच्या दोऱ्याचा आरंभीचा भाग एकमेकांपासून फारसे दूर नाहीत.

उड्डाणाची वेळ पहाटे दोन वाजून दहा मिनिटांची होती. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या एकमेकींस छेदीत असल्यामुळे एका वेळी एकच वापरात ठेवता येते, आणि मध्यरात्रीनंतर परदेशी जाणारी विमाने एकापाठोपाठ रांगेत उभी असतात. दार बंद होणे आणि चाके जमिनीवरून उचलली जाणे यांत आमची वीस-पंचवीस मिनिटे गेली. ही मिनिटे प्रवासाच्या वेळेत धरली जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वेळापत्रकातील कालावधी हा एका फलाटापासून दुसऱ्या फलाटापर्यंतचा असतो, केवळ आकाशातला नसतो. पश्चिमेकडे तोंड करून आम्ही उठलो, आणि उजव्या-डाव्या बाजूस दिव्यांचे जाळे असलेला जुहूचा परिसर काही क्षण खाली दिसून लगेच समुद्राचा काळोख सुरू झाला. नव्वद वर्षांपूर्वी त्याच जागी ते टपाल उतरले होते, या विचाराने मन क्षणभर भरून आले.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर आमचे विमान एखाद्या मुंगीसारखे सरकत होते. ते कराचीकडे वळले नाही. मस्कतच्या रोखाने समुद्र ओलांडून ते इराणच्या आखातावर आले, इराणच्या पश्चिम भागावरून तुर्कस्तानात वान सरोवरापाशी शिरले, काळ्या समुद्राच्या दक्षिण काठाने रुमानियावर आले आणि हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी असे पुढे गेले. क्रिमियाच्या वाटेस जाण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध कोसळल्यापासून तेथील आकाश नागरी विमानांस बंद आहे. ही गोष्ट २०२४ च्या जानेवारीतील. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांस बंद केले आणि भारतानेही तेच केले. त्याआधी २०१९ सालीही फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानचे आकाश असेच बंद राहिले होते. दोऱ्याच्या मार्गावर अशा रीतीने, आमच्या वेळी एक आणि पुढे दुसरी, अशा दोन अदृश्य भिंती उभ्या राहिल्या. आमच्या प्रवासात पडद्यावरील किलोमीटरांची बेरीज साडेसात हजारांच्या घरात गेली. जे तीनशे किलोमीटर वाढले ते सृष्टीने घातलेले नव्हते, ते बरेचसे मनुष्यांच्या परस्पर अविश्वासाने घातलेले होते.

परंतु सृष्टीचाही एक कर आहे, आणि तो वाऱ्याच्या रूपाने द्यावा लागतो. आमचे विमान ३६,००० फुटांवर होते, बाहेरचे तपमान शून्याखाली ५६ अंश दाखविले जात होते, आणि हवेच्या संदर्भात विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर असूनही इराणवर जमिनीच्या संदर्भात तो ७४० पर्यंत उतरला होता. पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद आणि प्रबळ वायुप्रवाह असतो. त्यास जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडील उष्ण हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तपमानांतील तफावतीतून त्याचा जन्म होतो, आणि ही तफावत हिवाळ्यात सर्वाधिक असल्यामुळे त्याच ऋतूत तो सर्वांत जोरकस असतो. नदीच्या उलट वल्हवणाऱ्या नावाड्यास जे सोसावे लागते तेच लंडनास निघालेल्या वैमानिकास सोसावे लागते, आणि परतताना तीच नदी त्यास पाठीवर घेते. येताना काळ्या समुद्रावर आमचा वेग ताशी १,०६० किलोमीटर झालेला मी माझ्या वहीत टिपून ठेवला आहे. विमान तेच, इंजिनाचा आवाज तोच, आणि फरक तीनशेहून अधिक किलोमीटरांचा.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही, कारण एवढी मोठी रात्र मी जन्मात पाहिली नव्हती. मुंबईत सूर्य सायंकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळला होता. आम्ही पश्चिमेस पळत होतो आणि पहाट आमच्यामागून पूर्वेकडून येत होती, पण आमच्यात व तिच्यात फार झपाट्याने अंतर कमी होत नव्हते. मुंबईस सकाळचे साडेसात झाले, तिकडे चहा झाला असेल, नात शाळेला निघाली असेल, असे मी मनाशी म्हणत होतो, आणि खिडकीबाहेर गडद काळोखात तुर्कस्तानच्या खेड्यांचे तुरळक दिवे लुकलुकत होते. लंडनमध्ये उतरून, कागदपत्रांची तपासणी होऊन, मुलाच्या गाडीत बसेतो सूर्य उगवला नव्हता. तो स्थानिक घड्याळाप्रमाणे आठ वाजून तीन मिनिटांनी उगवला. मुंबईतील सूर्यास्तापासून तेथवर सव्वाएकोणीस तास लोटले होते. परतीच्या वाटेवर याचे बरोबर उलट घडले: लंडनमध्ये पावणेआठच्या सुमारास उगवलेला सूर्य तुर्कस्तानच्या पूर्व टोकाशी असतानाच मावळला, आणि माझ्या आयुष्यातील तो दिवस जेमतेम साडेसहा तासांचा ठरला.

येथे घड्याळांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रवाशांचा सर्वाधिक गोंधळ त्याच ठिकाणी होतो. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एक अंशास चार मिनिटे. मुंबईचे रेखावृत्त जवळजवळ ७३ अंश पूर्व आणि लंडनचे जवळजवळ शून्य. तेव्हा दोन्ही शहरांतील सूर्याच्या वेळेचे खरे अंतर चार तास एकावन्न मिनिटांचे होते. जुन्या लोकांच्या आठवणीतील 'मुंबई वेळ' ती हीच. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेब्याऐंशी रेखांशावरची, म्हणजे मिर्झापुराजवळून जाणारी, प्रमाणवेळ साऱ्या देशास लागू केली, तरी मुंबई शहराने आपली एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली वेळ १९५५ सालापर्यंत सोडली नाही. आज हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात, तेथील घड्याळे एक तास पुढे सरकविली जातात म्हणून, साडेचार तास.

माझ्या तिकिटावर जाण्याची वेळ २-१० आणि पोहोचण्याची ६-३० अशी छापली होती. नातीने ती वाचून प्रवास चार तास वीस मिनिटांचा आहे असे आनंदाने जाहीर केले होते. परतीच्या तिकिटावर सकाळी ९-४५ ला निघून रात्री बारास पोहोचणे होते, म्हणजे वरवर पाहता सव्वाचौदा तास. खरा हिशेब असा की दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात: लंडनची ६-३० म्हणजे भारताची दुपारची बारा, तेव्हा जाण्यास नऊ तास पन्नास मिनिटे लागली, आणि लंडनची ९-४५ म्हणजे भारताची दुपारी सव्वातीन, तेव्हा येण्यास पावणेनऊ तास लागले. या दोन खऱ्या कालावधींची बेरीज अठरा तास पस्तीस मिनिटे होते, आणि तिकिटांवरील भासमान कालावधींची बेरीजही तेवढीच होते. जाताना काळाने जे दिले ते येताना चोख परत घेतले. परतल्यावर हा हिशेब नातीच्या वहीत मांडून दाखविला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते निवृत्तीनंतर मला क्वचितच लाभले आहे.

लंडन जवळ आले तरी प्रवास संपत नाही. हीथ्रो विमानतळावर रात्री साडेअकरापासून सकाळी सहापर्यंत उड्डाणांवर कडक निर्बंध असतात, म्हणून पूर्वेकडून आलेली विमाने पहाटे सहाच्या सुमारास एकदम दाटी करतात. त्यांच्यासाठी शहराभोवती चार प्रतीक्षास्थाने नेमलेली आहेत: बोव्हिंग्डन, लँबर्न, बिगिन आणि ऑकम. तेथे विमाने एकमेकांपासून हजार-हजार फुटांच्या अंतरावर, उतरंडीतील मडक्यांप्रमाणे एकावर एक, लांबट घिरट्या घालीत राहतात, आणि सर्वांत खालच्यास उतरण्याची परवानगी मिळाली की बाकीची एकेक पायरी खाली येतात. आम्ही अशा चार प्रदक्षिणा घातल्या. सात हजार किलोमीटर अखंड धावून आल्यानंतर दाराशी पंधरा मिनिटे उभे राहावे लागले, आणि तो वेळही वेळापत्रक करणाऱ्याने आधीच हिशेबात धरलेला होता.

मुलाच्या घरी पहिल्या दिवशी मी जुन्या प्रवाशांविषयी विचार करीत बसलो होतो. पदच्युत छत्रपती प्रतापसिंहमहाराजांची कैफियत घेऊन त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते याच शहरात आले, आणि अर्ज-विनंत्या, खलिते, ठराव यांच्या मागे सुमारे चौदा वर्षे येथे राहिले. १८४७ साली त्यांचे धनी काशीस कैलासवासी झाले तेव्हाही ते येथेच होते. शिडाच्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालून यावे लागे आणि त्यात पाच-सहा महिने सहज जात. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई–लंडन हा सागरी मार्ग सुमारे १०,७०० सागरी मैलांवरून ६,२०० वर आला. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी २९ ऑगस्ट १९३१ रोजी 'राजपुताना' आगबोटीने मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरास मार्सेय बंदरी उतरले आणि १२ तारखेस लंडनास पोहोचले: दोन आठवड्यांची मजल. त्याच्या पुढच्याच वर्षी, ज्या १९३२ साली जुहूस टपालाचे विमान उतरले, त्याच साली लंडनात महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. घरची माणसे दोन आठवड्यांच्या अंतरावर असताना परदेशी एकत्र जमून आपली भाषा बोलावी, असे वाटणाऱ्या त्या मंडळींच्या मनाची अवस्था आज आपण कल्पनेनेच जाणू शकतो.

स्वतंत्र भारताचे पहिले विमान मुंबईहून लंडनास निघाले ते ८ जून १९४८ रोजी. एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे ते कॉन्स्टेलेशन विमान कैरो आणि जिनीव्हा येथे थांबे घेत गेले. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, तेच विमान आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळून ४८ जीव गेले. आणि २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर 'कांचनगंगा' या विमानास झालेल्या अपघातात डॉ. होमी भाभा यांना आपण मुकलो. आज आपण निर्धास्तपणे पांघरूण ओढून ज्या वाटेवर झोपी जातो, ती अशा बलिदानांनी सुरक्षित होत आलेली आहे. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि वेग ताशी नऊशे किलोमीटरांच्या घरात गेला. विशेष हे की त्यानंतरच्या साठांहून अधिक वर्षांत सामान्य प्रवाशाचा वेग वाढलेला नाही. ध्वनीच्या दुपटीने उडणारे काँकॉर्ड २१ जानेवारी १९७६ रोजी लंडनहून बहारीनला गेले खरे, पण २००३ साली तेही निवृत्त झाले. दरम्यान वाढली ती इंजिनांची काटकसर आणि इंधन वाहून नेण्याची शक्ती, आणि त्यामुळे कैरो, बैरूत, जिनीव्हा ही मधली ठाणी एकामागून एक गळून पडली. प्रवास आखूड झाला तो अधिक जोराने धावल्यामुळे नव्हे, तर मध्ये न थांबल्यामुळे.

या साऱ्याचा विचार करता माझे मत असे बनले आहे की दोन शहरांमधील अंतर विचारणाऱ्यास एकच आकडा सांगणे अपुरे आहे. ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीचे माप आहे, आणि ते रंगो बापूजींच्या काळीही तेवढेच होते. त्यावर वारा आपला कर घेतो, विमानतळाची रांग आपला घेते, आणि हे दोन्ही मनुष्याने समजून घेऊन निमूटपणे द्यावेत असेच आहेत. परंतु तिसरा कर राष्ट्रांच्या वैराचा आहे, आणि तो कोणत्याही भौतिक नियमाने अटळ ठरलेला नाही. कराचीवरून मुंबईस येणारी वाट आपल्या पहिल्या विमानाची वाट होती, आणि ती पुन्हा खुली झालेली मला पाहावयाची आहे.

वाचकांस माझी एवढीच विनंती आहे की दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वी एकदा मुलांना जवळ घेऊन पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा, आणि तिकिटावरच्या दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणून वजाबाकी करावी. दोऱ्याने अंतर कळते आणि वजाबाकीने वेळ कळते. दोन्हींस मिळून पाच मिनिटे पुरतात. आमचा सव्वासतरा सेंटिमीटरांचा दोरा नातीने आपल्या भूगोलाच्या वहीत चिकटविला आहे, आणि त्याखाली, पक्क्या शाईने, दोन ओळी लिहिल्या आहेत: जाण्यास नऊ तास पन्नास मिनिटे, येण्यास आठ तास पंचेचाळीस.